समोरचे काका कुणाकडे खात नसत

देवसुद्धा नैवेद्य घेतो. आमचे समोरचे काका तोही घेत नसत. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आमच्या टाउनशिपमधल्या कुठल्याही जुन्या माणसाला खुशाल विचारा. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या त्या वसाहतीत वर्षानुवर्षं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार करून, सगळ्यांच्या बारशांना, मुंजींना, लग्नांना न चुकता हजेरी लावून, कुणाच्याही घरी पाण्याचा घोटही न घेतलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या दारासमोरच्या क्वार्टरमध्ये राहत होता. आम्ही इंदूरचे. आमच्याकडे पाहुण्यानं पोहे नको म्हटलं तर त्याला ताप आलाय का ते हात लावून बघतात. त्यामुळे आईला हा शेजार म्हणजे परीक्षाच होती. "काय मेलं नशीब," ती म्हणायची, "माणूस सोन्यासारखा, आणि साखर मागायलाही जाता येत नाही, द्यायलाही जाता येत नाही!"

काका ऑडिटर होते. कारखान्याचे नव्हेत हं, कारखान्यावरचे. हा फरक ते कुणालाही समजावून सांगत, अगदी दूधवाल्यालासुद्धा. सरकारी कारखाना म्हणजे लोकांचा पैसा. तो सरळ मार्गानं खर्च होतोय ना, हे बघायला कारखान्याच्या आवारातच एक छोटंसं ऑफिस होतं. त्या ऑफिसवर कारखान्याच्या कुठल्याही साहेबाचा हुकूम चालत नसे, आणि नागपूरहून आलेले काका त्याचे प्रमुख होते. "आम्ही इथे राहतो, पण इथले नाही," असं ते फार अभिमानानं म्हणत. ज्याचं तपासायचं त्याचं खायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. नियम सगळ्याच ऑडिटरांना असतो म्हणे, पण बाकीचे तो संध्याकाळी ऑफिसात खुंटीला टांगून घरी येतात. काका तो अंगावर घालून झोपत. वसाहत कारखान्याची, आमचे पगार कारखान्याचे, तेव्हा आमच्या घरचा चहाही फिरून फिरून कारखान्याचाच, असं त्यांचं तर्कशास्त्र होतं. स्वतःच्या क्वार्टरचं भाडंसुद्धा ते सवलत नाकारून पुरतं भरत. त्यातून माझे बाबा खरेदी खात्यात अधिकारी. मग तर बोलायलाच नको.

बाबांच्या ऑफिसात तपासणीला येताना काका स्वतःचा थर्मास, स्वतःचा कप आणि एका डबीत स्वतःची बडीशेप घेऊन येत. पंख्याखाली बसायला ते कसे तयार झाले, याचंच बाबांना नवल वाटे. एकदा भर मे महिन्यात काकांची स्कूटर बंद पडली आणि ते उन्हातून पायी घरी निघाले. मागून बाबांची ऑफिसची जीप आली. "साहेब, बसा ना!" बाबा म्हणाले. "जीप कारखान्याची," काका म्हणाले आणि चालत राहिले. आता शेजाऱ्याला उन्हात सोडून पुढे निघून जाणं बाबांच्यानं होईना, आणि त्याला उचलून आत घालणंही शक्य नव्हतं. शेवटी बाबांनी ड्रायव्हरला जीप चालण्याच्या वेगानं घ्यायला सांगितली. टाउनशिपच्या मुख्य रस्त्यावरून ती जीप डुलत डुलत चाललीय, आतून बाबा आणि बाहेरून काका क्रिकेटवर वाद घालतायत, आणि मागे स्कूटरवाल्यांची रांग भोंगे वाजवतेय, असा तो थाट होता. ड्रायव्हर घरी येऊन आईला म्हणाला, "भाभीजी, इससे तो मैं पैदल आ जाता."

लग्नाच्या पंगतीत काका कुणाच्याच दिसले नाहीत, पण लग्न त्यांनी कुणाचंही चुकवलं नाही. घरून पोटभर जेवून यायचे, आहेर द्यायचे, नवरा-नवरीला तोंडभरून आशीर्वाद द्यायचे. इतकंच काय, अक्षतासुद्धा ते खिशातून पुडीत बांधून घरच्याच आणत. मांडवात कुणी तबक पुढे केलं की ते खिशावर हात ठेवून म्हणत, "आहेत माझ्याकडे." गणपतीत मात्र धर्मसंकट यायचं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला कारखान्याकडून मदत मिळायची, म्हणजे मोदकही तपासणीखाली! पण प्रसाद नाकारायचा कसा? यावर काकूंनी तोड काढली. एका दिवसाचा प्रसाद त्या स्वतःच्या घरून करून आणत, आणि त्या एका संध्याकाळी काका सगळ्यांबरोबर मांडी घालून बसत. दोन्ही हातांनी प्रसाद घेत, डोळे मिटून खात, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की मला हसूही येई आणि वाईटही वाटे. माणूस मुळात खाण्याचा किती शौकीन होता ते त्या दिवशी दिसे.

काकू तर अन्नपूर्णाच होत्या. द्यायला नियमाची आडकाठी नव्हती, फक्त घ्यायला होती. तेव्हा आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांच्याकडून सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा डबा आला. वड्या आम्ही डबा पुसून खाल्ल्या. आईनं डबा घासला आणि रिकामं भांडं परत करायचं नाही म्हणून आत चिमूटभर साखर टाकून पाठवला. पाचच मिनिटांत काका दारात हजर. "वहिनी, तुमची थोडी साखर आमच्या डब्यात राहिलीय." आई म्हणाली, "अहो, राहिली नाही, घातलीय. रिकामा डबा परत करतात का कुठे?" काका विचारात पडले. रीतही मोडायची नव्हती आणि नियमही. शेवटी म्हणाले, "मग डबा राहू द्या तुमच्याकडे." झालं! काकू काही ना काही पाठवत राहिल्या आणि डबे आमच्याकडे साठत राहिले. त्यांच्या फडताळात भांडं उरेना. मग एक दिवस काकांच्या लक्षात आलं की आपण खरेदी खात्याच्या अधिकाऱ्याला चक्क भांडी पुरवतोय. ते घाबरेघुबरे होऊन आले. बरीच वाटाघाट झाली आणि ठरलं ते असं: आधीचे डबे आमच्याकडे नुसती ठेव म्हणून राहायचे, आणि पुढे काकूंनी डबा घेऊन आमच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आईनं आपलं पातेलं घेऊन उंबऱ्याच्या आत, आणि पदार्थ सरहद्दीवरच या भांड्यातून त्या भांड्यात जायचा. एक वडी काकू आपल्या डब्यात तशीच ठेवत, म्हणजे डबाही रिकामा परत जात नसे. हा सोहळा चालला असताना दोघी तासभर उभ्या उभ्या गप्पा मारत, आणि गप्पांवर काकांचा काही आक्षेप नव्हता.

आक्षेपावरून आठवलं. ऑडिटमध्ये म्हणे आक्षेप कागदाच्या फक्त डाव्या अर्ध्यावर लिहितात. उजवा अर्धा कोरा सोडतात, ज्याच्यावर आक्षेप घेतला त्याच्या उत्तरासाठी. समोरच्याचं ऐकल्याशिवाय काहीही कायम करायचं नाही. काकांचं सगळं बोलणंच या पद्धतीचं झालं होतं. जेवताना म्हणत, "भाजीत मीठ जास्त झाल्यासारखं दिसतं," आणि घास तसाच ठेवून काकूंकडे बघत थांबत. "वरून तुम्हीच घातलं, मी पाहिलं ना," काकू म्हणत. "मान्य. आक्षेप मागे," असं म्हणून ते मुकाट जेवत. मला कॉलेजमधून यायला उशीर झाला तर बाबा ओरडायचे, आई रडायची. काका मात्र व्हरांड्यातून विचारत, "आज उशीर झालेला दिसतो. तुझं म्हणणं?" आणि खरोखर ऐकून घ्यायचे हो! मधे न बोलता, मान तिरकी करून, शेवटपर्यंत. घरात माझं म्हणणं कुणी पुरतं ऐकून घेतलंय असं त्या वयात मला आठवत नाही. म्हणून मला ते फार आवडायचे, अगदी सांगूनच टाकते.

असं सगळं सुखात चाललं होतं आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, आमच्या ताईचं लग्न ठरलं. मुलगा इंदूरचा, शिकलेला, हसरा. सगळ्या गल्लीला आनंदाचं भरतं आलं. आमच्या टाउनशिपची एक पद्धत होती. एका घरी लग्न निघालं की ते सगळ्या गल्लीचं होई. वऱ्हाड कुणाकुणाच्या घरी वाटून उतरवायचं, गाद्या-उशा गोळा करायच्या, एकीच्या स्वयंपाकघरात लाडू, दुसरीकडे चिवडा, तिसरीच्या अंगणात मेंदी. ताई याच गल्लीत लहानाची मोठी झाली, दर लग्नात हीच पुढे होऊन नाचली. तेव्हा आईनं साडीचा पदर खोचून कामाची वाटणीही करून टाकली. आणि तेवढ्यात बातमी आली की काकांनी टाउनशिपबाहेर बाग सेवनियातल्या एका टेंटवाल्याकडून सगळंच भाड्यानं आणायचं ठरवलंय. गाद्या भाड्याच्या, भांडी भाड्याची, वाढपी भाड्याचे, वऱ्हाडासाठी साकेत नगरमध्ये भाड्याच्या खोल्या. टाउनशिपमधलं कुणी कशाला हात लावायचा नाही. लोकांनी यावं, जेवावं आणि जावं.

त्यातून त्याच सुमाराला आणखी एक भानगड होऊन बसली होती. कारखान्यानं एक मोठी क्रेन मागवली होती. क्रेन आली, पण ती जिथे उभी करायची तो चौथराच बांधून झाला नव्हता. लोकांच्या पैशाची ती क्रेन खोक्यांतच पावसापाण्यात पडून होती. काकांनी त्यावर आक्षेप काढला. खरेदी बाबांच्या खात्याची, तेव्हा उत्तर बाबांनी द्यायचं. बाबांनी दिलं, काकांनी ते नीट वाचलं, निम्मं मान्य केलं, आणि उरलेला निम्मा आक्षेप दिल्लीला वर पाठवायच्या तयारीत ठेवला. बाबा चिडले की नाही? चिडले ना! "समोर राहतो माणूस, रोज नमस्कार करतो, आणि!" असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र आपटलं. थोड्या वेळानं ते उचलून घडी घालत म्हणाले, "पण खोटं काही लिहिलं नाहीये त्यानं. चौथरा नाहीच आहे."

इकडे गल्लीतल्या शहाण्यांनी सोपा उपाय शोधला. वरच्या मजल्यावरच्या ठाकूरआंटी काकांना गाठून म्हणाल्या, "भाईसाहब, वो क्रेनवाला मामला छोड़ दीजिए, बस. फिर कैसी रोकटोक? बिटिया की शादी हम सब मिलकर करेंगे." काकांचा चेहरा असा झाला की आंटी घाबरून पाणी आणायला धावल्या, आणि अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं की हे पाणीही घेत नाहीत.

काकू मात्र आता हट्टाला पेटल्या होत्या. एवढी वर्षं त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, कधी तक्रार केली नाही. त्या दिवशी समोरून आमच्या दारापर्यंत त्यांचा आवाज ऐकू आला. "काहून हो? काहून भाड्याची माणसं? माझ्या पोरीला हळद लावायला भाड्याच्या बाया आणू का मी? या बायांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं. त्यांचे हात लागल्याशिवाय माझी पोर मी सासरी धाडणार नाही. कोर्टात जाऊन सह्या करा, नाहीतर लग्न पुढे ढकला, पण भाड्याच्या माणसांत मी उभी राहणार नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "हे झालं माझं. आता तुमचं म्हणणं?" आई आणि मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. काका उठून व्हरांड्यात आले आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. ताई मागच्या अंगणात जाऊन रडली. मी तिच्याशेजारी बसून राहिले. मला काकांचा राग आला होता, आणि त्यांची दयाही येत होती. आक्षेप किंवा नियम सोडला तर ते काका राहत नव्हते, आणि नाही सोडला तर ताईचं लग्न परक्यासारखं होत होतं.

बरेच दिवस असेच गेले. क्रेनचा आक्षेप काकांनी सही करून दिल्लीला पाठवला, हे बाबांना ऑफिसात कळलं. घरी येऊन बाबा कपडेही न बदलता बसून राहिले. संध्याकाळी काका आमच्या फाटकाशी आले, नेहमीसारखे बाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "मी बदली मागून घेतली. ग्वाल्हेरच्या ऑफिसात. मंजूर झालीय."

बाबांना काही कळेना. "बदली? अहो, तुमची दोनच वर्षं राहिलीत! इथूनच रिटायर व्हायचं ना?"

"व्हायचं होतं. पण इथला ऑडिटर असेपर्यंत तुमची गादी मला घेता येत नाही. इथून सुटलो की घेता येते. तिकडे रुजू व्हायला मधे थोडे दिवस मिळतात, लग्न त्यात बसतं. मी सगळं वाचून बघितलं. नियमात काही आड येत नाही." एवढं बोलून काकांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच ते जरा चाचरत म्हणाले, "तुमच्याकडे गाद्या किती आहेत?"

आई आतून ऐकत होती. ती तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली आणि रडता रडता मला म्हणाली, "जा, वरच्या आंटीला सांग, गाद्या उन्हात घाल म्हणावं."

पदभार सोडायचा दिवस उजाडला तो सगळ्या गल्लीच्या ध्यानात होता. काका सकाळीच ऑफिसातली आवराआवर करून, किल्ल्या देऊन घरी आले. आईनं लगेच आलं घालून चहा टाकला आणि हाक मारली. काका व्हरांड्यातूनच म्हणाले, "वहिनी, हुकुमात लिहिलंय, कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त. अजून मी ऑडिटर आहे." आईनं कपाळाला हात लावला. मग काय, दिवसभर ते आपल्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले, आणि समोर आमच्या ओट्यावर एकेक करत बायका जमत चाललेल्या. कुणी ढोकळा आणला, कुणी गुलाबजाम, कुणी दालबाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे भाजलेले गोळे. झाकलेल्या ताटांची ही रांग लागली, आणि वास रस्ता ओलांडून काकांपर्यंत जात होता. ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते, पण पान काही उलटत नव्हते. शेवटी कारखान्याचा सुट्टीचा भोंगा झाला. काका उठले, चप्पल घातली, रस्ता ओलांडला आणि आमच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकायला त्यांना जमेना. सवयच नव्हती. शेवटी बाबांनी त्यांचा हात धरून आत घेतलं.

काय खाल्लं त्यांनी त्या दिवशी, अहाहा! आधी हळूहळू, मग बिनधास्त. ठाकूरआंटींच्या बाफल्यावर त्यांनी तूप मागून घेतलं. आईच्या पोह्यांचा पहिला घास घेऊन ते तो इतका वेळ चावत राहिले की आईला वाटलं काहीतरी बिघडलं. "मीठ कमी आहे का?" तिनं विचारलं. "नाही हो," काका म्हणाले, "एवढी वर्षं वास तेवढा घेत होतो, खातोय आज."

आणि लग्न! असं लग्न आमच्या टाउनशिपमध्ये आधीही झालं नाही आणि नंतरही नाही. वऱ्हाड घराघरांत उतरलं. हळद आमच्या अंगणात लागली आणि गल्लीतल्या एकूणएक बाईनं ताईला हात लावला. सगळ्यात पुढे काकू होत्या, दोन्ही गालांना हळद आणि डोळ्यांत पाणी. काकांनी कुणाची गादी कुणाकडून आली हे कळावं म्हणून प्रत्येक गादीला चिठ्ठी टाचली होती. पण वऱ्हाडातल्या पोरांनी गाद्यांवर कुस्ती खेळली आणि सगळ्या चिठ्ठ्या गळून पडल्या. काका चिठ्ठ्या हातात घेऊन हताश उभे होते. "राहू द्या हो भाईसाहब," ठाकूरआंटी म्हणाल्या, "गद्दा गद्दा होता है." पुढे कित्येक वर्षं आम्ही आंटींच्या गाद्यांवर झोपलो आणि त्या आमच्या. सीमांतपूजनाला व्याह्यांची बॅग ज्यानं डोक्यावर वाहून नेली तो माणूस माझे बाबा. ज्यांच्या खात्यावर काकांनी आक्षेप घेतला तेच हे, असं कुणीतरी इंदूरकरांना सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना.

ताई सासरी गेली. मागोमाग सामान न्यायला ट्रक आला. काकूंनी त्या सकाळी ते ठेवलेले डबे मागितले नाहीत, आणि आईनंही दिले नाहीत. सामान भरून होईपर्यंत बाबा आणि काका फाटकाशी उभे होते. बाबांना राहवलं नाही. "साहेब, एक विचारतो, रागावू नका. तो क्रेनचा आक्षेप सोडून नियम जरा वाकवला असता तर कुणाला कळलंही नसतं. घर राहिलं असतं, गल्ली राहिली असती. वहिनींना या वयात नव्या गावी जायला लागलं नसतं."

काका जरा हसले. "मग व्याह्यांना तुमच्या गादीवर झोप लागली असती, पण मला लागली नसती." आणि मग त्यांनी बाबांना एकदम मिठी मारली. दोघांनाही मिठी मारता येत नव्हती, ते फार विचित्र दिसत होते. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी बाबा फाटकाशीच उभे होते. आई हाक मारत होती, चहा गार होतोय म्हणून.

काका आता नाहीत. क्रेन मात्र उभी राहिली. त्या आक्षेपामुळेच चौथरा झाला, आणि बाबांना जाब विचारला गेला तोही त्याच आक्षेपामुळे. पण बाबांनी काकांचं नाव कधी वाईट तोंडानं घेतलं नाही. मी कधीतरी हिशेब करायला बसते तेव्हा वाटतं, एवढी वर्षं हा माणूस आमच्या दारासमोर राहिला, आणि शेजारी म्हणून आमच्या घरात यायला त्याला शेजारच सोडावा लागला. इथलं ऑफिस सुटलं होतं आणि तिथलं सुरू झालं नव्हतं, तेव्हा मधल्या त्या थोड्या दिवसांत ते कुणाचेच ऑडिटर नव्हते. आयुष्यात तेवढेच दिवस ते आमचे नुसते काका होते. आणखी थोडे मिळाले असते तर फार बरं झालं असतं.